मिटिंगला गेले आणि अर्ध्यातून उठून आले. आपला ग्रुप कसा ओळखायचा?

कोरापान
नमस्कार मंडळी. वाचत बरीच वर्षं असते इथे, लिहिलं कधीच नाही, आणि आज लिहितेय ते नवीन आयडी काढून. का ते खाली कळेलच.

दारू बंद करून आज अकरावा दिवस. माझी. नवऱ्याची नाही, भावाची नाही, माझी स्वतःची. वय ३८, नोकरी आहे, संसार आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे. रात्री सगळे झोपले की प्यायचे, आधी झोप लागावी म्हणून, मग झोप आली तरी, मग सकाळी हात थरथरतात म्हणून. बाटली कपाटात जुन्या स्वेटरांच्या घडीमागे असायची. सहा वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, निदान मला तरी तसं वाटत होतं. मग एका सकाळी मुलगी स्वतःचा स्वेटर शोधत होती, तिने ती बाटली काढून माझ्या हातात दिली आणि काही न बोलता दप्तर भरायला निघून गेली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाल्या की सपोर्ट ग्रुपच्या मिटिंगा लावा, हे एकटीने ओढू नका.

परवा गेले. नाव घेत नाही, त्यांना नावं ठेवायची नाहीयेत. आत बारा-तेरा माणसं, सगळे पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. दारात एक गृहस्थ होते, ते अगदी प्रेमाने म्हणाले, "या ताई, पेशंट कुठायत? मिस्टर बाहेर थांबलेत का?" मी म्हटलं, मीच. ते एक सेकंद गप्प झाले, मग म्हणाले या या बसा. वाईट काहीच बोलले नाहीत हो. पण तो एक सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मग प्रार्थना झाली, माझी देवावर श्रद्धा नाही त्यामुळे नुसते ओठ हलवले. मग एक जण पंचवीस मिनिटं बोलले, धंदा कसा बुडाला, गटारात कसे पडायचे, पोलिसांनी कसं उचललं. मी कधी गटारात पडले नाही. मी दुसऱ्या दिवशी डबा भरून ऑफिसला जायचे. मला वाटायला लागलं की मी चुकीच्या खोलीत आलेय. फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडले ती थेट घरी.

एकच गोष्ट मात्र सांगते. बसल्यावर मला पाणी हवं होतं, तर कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने ग्लास आणून दिला आणि तो अर्धाच भरलेला होता. हात थरथरत होते माझे, पूर्ण भरलेला असता तर सांडला असता. नंतर घरी आल्यावर लक्षात आलं.

तर प्रश्न असे. सगळ्या मिटिंगा अशाच असतात का? देव न मानणाऱ्यांसाठी काही आहे का? ऑनलाइन पुरतं का? आणि आपला ग्रुप सापडलाय हे कळतं कशावरून?

जुनंखोड
कोरापानताई, आधी अकरा दिवसांबद्दल मनापासून अभिनंदन. मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायची जी संघटना आहे त्या एएमध्ये, एकोणीस वर्षं आहे. दारातल्या त्या प्रश्नाबद्दल मी माफी मागतो. मी त्या ग्रुपचा नाही, पण ही चूक मी स्वतःही एकदा केलेली आहे. ती बाई परत आली नाही. आजही आठवते.

आता अर्ध्या ग्लासाचं. ते देणारे गृहस्थ नक्की जुने असणार. नव्या माणसाच्या हाताला भरलेला ग्लास पेलत नाही हे पुस्तकात वाचून समजत नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुम्ही उठून आलात त्या खोलीत तुमचं दुखणं ओळखणारा एक तरी माणूस होता, एवढं लक्षात असू द्या.

एक मिटिंग म्हणजे एए नव्हे हे पहिलं समजून घ्या. प्रत्येक ग्रुप आपापला कारभार स्वतः पाहतो, वरून कुणी साहेब नाही. एक ग्रुप थंड वाटेल तर दुसरा घरच्यासारखा. शिवाय मिटिंगचे प्रकार असतात. ओपन मिटिंगला कुणीही येऊ शकतं, नातेवाईक, विद्यार्थी, नुसतं बघायला आलेले. क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. स्पीकर मिटिंगमध्ये एक-दोन जणच पूर्ण कहाणी सांगतात, तुम्हाला बहुधा तीच मिळाली. डिस्कशनमध्ये एक विषय घेऊन थोडं थोडं सगळे बोलतात. स्टेप मिटिंगमध्ये बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे एएच्या दारू सोडण्याच्या मार्गातल्या टप्प्यांपैकी, एकेक वाचून त्यावर शेअरिंग, म्हणजे आपापला अनुभव सांगणं. नव्या माणसाने आधी फोन करून विचारावं की आज कुठल्या प्रकारची आहे, बायका येतात का. हे विचारण्यात काही गैर नाही, उलट आम्हाला बरं वाटतं.

किमान सहा वेगवेगळ्या मिटिंगा केल्याशिवाय मत बनवू नका असं मला माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे नव्याला हाताशी धरणाऱ्या जुन्या सदस्याने, सांगितलं होतं. मी पाचवीत टिकलो.

आणि ऐकताना फरक मोजू नका, सारखेपणा शोधा. गटार राहू द्या. त्या माणसाला सकाळी उठल्यावर जी लाज वाटायची ती तुम्हाला वाटत होती का, तेवढंच बघा.

औषधपाणी
मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. ताई, तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन सोडलीत हे सगळ्यात चांगलं केलंत, त्यामुळे खालचं तुमच्यासाठी नाही, धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आहे, कारण असे धागे लोक मध्यरात्री शोधून वाचतात.

रोज भरपूर पिणाऱ्याने मिटिंगच्या जोशात येऊन एका झटक्यात एकट्याने बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. फिट यायची भीती पहिल्या दोन दिवसांत जास्त. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, त्यात उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल तर आधी हॉस्पिटल, मग मिटिंग. बी१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, डॉक्टर का देतात विचारतात लोक, तर पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते म्हणून.

दुसरं, ग्रुपमध्ये कुणी म्हणालं की गोळ्या घेतेस म्हणजे तू खरी सोबर नाहीस, तर ऐकायचं नाही. नॅलट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिरम ही तीनही वेगवेगळी काम करणारी औषधं आहेत आणि ती बंद-चालू करणं हे डॉक्टरचं काम. एएचं स्वतःचं म्हणणं आहे की सदस्यांनी डॉक्टरकी करू नये. तरी काही ठिकाणी करतात. अशा ठिकाणाहून शांतपणे उठून यावं, त्यात काही वाईट वाटून घेऊ नका.

निरभ्र
"पेशंट कुठायत" वाचून अंगावर काटा आला. मलाही हेच विचारलं होतं, शब्द थोडे वेगळे. सहा वर्षं झाली.

ताई तुला अरेतुरे करते, चालेल ना. पिणाऱ्या बाईकडे लोक पिणाऱ्या पुरुषापेक्षा वेगळ्या नजरेने बघतात आणि ती नजर आपण स्वतःच्या आतही घेऊन फिरतो, त्यामुळे फक्त बायकांची मिटिंग असेल तर पहिल्यांदा तिथे जा. मी माझ्या मुलाला सांभाळताना प्यायचे हे वाक्य मला पुरुषांच्या खोलीत दीड वर्ष बोलता आलं नव्हतं, बायकांच्यात तिसऱ्या दिवशी बोलले. बोलले आणि समोरच्या दोघींनी नुसती मान हलवली. बास, तेवढंच. मी रडले वगैरे नाही, पण त्या रात्री झोपले मात्र चांगली.

बायकांसाठी वेगळी चळवळही आहे, विमेन फॉर सोब्रायटी, जीन कर्कपॅट्रिक नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात सुरू केलेली, त्या स्वतः यातून गेलेल्या. त्यांचं म्हणणं असं की बाईला आधीच सगळीकडे नमतं घ्यायला शिकवलेलं असतं, तिला अजून शरण जा म्हणण्यापेक्षा स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवा. बारा पायऱ्यांऐवजी तेरा विधानं आहेत त्यांची. ऑनलाइन मिळतात मिटिंगा, भाषेची थोडी अडचण येऊ शकते.

आता एक नाजूक पण महत्त्वाचं. जुन्या लोकांच्यात "तेरावी पायरी" असा शब्द आहे (वरच्या तेरा विधानांशी काही संबंध नाही बरं का), म्हणजे जुन्या सदस्याने नव्या आलेल्या, अजून सावरलेल्या नसलेल्या बाईशी जवळीक करायला बघणं. सगळीकडे होतं असं नाही पण होतं. म्हणून स्पॉन्सर बाईच घ्यायची, आणि कुणी पुरुष मिटिंगनंतर एकटीला गाडीतून सोडतो म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं. चांगल्या ग्रुपमध्ये अशा वेळी दुसरी बाईच मध्ये येऊन "चल मी येते तुझ्याबरोबर" म्हणते. माझ्या दृष्टीने ग्रुप कसा आहे हे तिथे कळतं.

सरळरेघ
माझीही देवावर श्रद्धा नाही. म्हणून मी दोन वर्षं कुठेच गेलो नाही आणि त्या दोन वर्षांत नोकरी गेली. तेव्हा देव नको म्हणून थांबू नका.

स्मार्ट रिकव्हरी म्हणून आहे, १९९४ पासून. पायऱ्या नाहीत, प्रार्थना नाही, "मी अमुक आणि मी अल्कोहोलिक आहे" असं म्हणायची सक्ती नाही. मिटिंग चालवायला प्रशिक्षण घेतलेला फॅसिलिटेटर असतो आणि लोक एकमेकांशी बोलू शकतात, म्हणजे तुम्ही काही सांगितलंत तर समोरचा विचारतो की मग तेव्हा काय केलंत. एएमध्ये बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या शेअरिंगवर बोलत नाहीत. काहींना ते आवडतं, मला कोंडल्यासारखं व्हायचं.

मला पहिल्या मिटिंगला एक कागद दिला, त्यावर चार खाने. पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. पिण्याचे फायदे हा खाना आधी भरायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं की दारूतून तुला मिळत काय होतं. मी लिहिलं, "घरी गेल्यावर कुणाशी बोलावं लागत नाही." ते वाक्य बघत मी बराच वेळ बसलो. तो कागद आजही पाकिटात आहे, घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय.

एएच्या पहिल्या पायरीतलं "मी दारूपुढे हतबल आहे" हे मला कधीच पटलं नाही आणि पटणार नाही. हतबल असतो तर आज चार वर्षं कशी काढली असती?

जुनंखोड
सरळरेघ, तुमच्या चार वर्षांना सलाम. फक्त हतबलतेबद्दल एक बोलू का, वाद म्हणून नाही. पहिल्या घोटापुढे मी हतबल आहे, कारण तो घेतला की दुसरा माझ्या हातात राहत नाही. पहिला न घेणं मात्र माझ्या हातात आहे, आणि ते मी एकट्याने करू शकलो नाही, लोकांबरोबर करू शकलो. मी त्याचा अर्थ एवढाच घेतो. बाकी देवाबद्दल, पायऱ्यांमध्येच "आम्हाला उमगेल तसा" अशी सवलत आहे. माझ्या ग्रुपमध्ये एक जण ग्रुपलाच आपली उच्च शक्ती मानतो, सतरा वर्षं झाली त्याला. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. श्रद्धेची अट नाही, फीही नाही, खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागतो.

मूळ गोष्टही हेच सांगते. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला अ‍ॅक्रनला गेला होता, ओहायो राज्यात. सोडून जेमतेम पाच महिने झालेले, काम फसलेलं, परक्या गावात एकटा, हॉटेलच्या बारमधून आवाज येतायत. तो चर्चच्या यादीवरून फोन लावत सुटला की मला एखादा पिणारा माणूस भेटवून द्या. कुणाला वाचवायला नाही, स्वतः वाचावा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, सर्जन होते, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही म्हणून आले आणि कित्येक तास उठले नाहीत. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, तीच एएची स्थापना मानतात. दोन माणसं आणि एक खोली, पहिली मिटिंग म्हणाल तर तेवढीच होती.

सरळरेघ
असा अर्थ असेल तर माझं भांडण नाही. मीही एकट्याने नाहीच केलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आकडे एएच्या बाजूनेही आहेत, २०२० मध्ये कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा आला, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. त्यात एए आणि लोकांना एएशी जोडून देणारे उपचार हे पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत बाकीच्या मानसोपचारांच्या बरोबरीने किंवा थोडे पुढेच निघाले. मला ते वाचून पचायला वेळ लागला. पण तरी मी जाईन तिथेच जिथे मला तोंड उघडता येतं.

परतलेला
सगळे चांगलं सांगतायत, मी थोडं टोचणारं सांगतो. राग मानू नका.

मी तीन वर्षं योग्य ग्रुप शोधत होतो. एकीकडे फार धार्मिक. एकीकडे सगळे माझ्यापेक्षा कमी शिकलेले. एकीकडे सगळे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले. एकीकडे खुर्च्या मोडक्या, एकीकडे वेळ अडचणीची, एकीकडे एक माणूस सारखा खोकायचा. प्रत्येक वेळी खरं कारण असायचं, खोटं बोलत नव्हतो मी. आणि प्रत्येक वेळी तिथून निघून सरळ बाटलीकडे. ग्रुप आवडत नाही हे माझं पिण्याचं सगळ्यात सोयीचं कारण होतं आणि ते बायकोलाही पटायचं, कारण त्या बिचारीला वाटायचं मी प्रयत्न करतोय.

म्हणून मी एक नियम केला, तो माझ्यापुरता आहे. नवा ग्रुप पसंत पडेपर्यंत जुना सोडायचा नाही. शोधायचं असेल तर शोध, पण आठवड्यातल्या दोन मिटिंगा ठरलेल्या, आवडो न आवडो. आवडत नाही हे सांगायचं असेल तर त्याच मिटिंगमध्ये हात वर करून सांगायचं. मी सांगितलं एकदा, "मला इथे एकही माणूस आवडत नाही." समोरचा म्हणाला, "मलाही पहिलं वर्षभर नव्हता आवडत, बस तू." तिथेच आहे आता. पाच वर्षं, मधे एकदा घसरलो.

दुसरीबाजू
कोरापानताई, मी पिणाऱ्या बाईचा नवरा. तुमच्या मिस्टरांना हा प्रतिसाद दाखवता आला तर दाखवा. घरच्यांसाठी वेगळी मिटिंग असते, अल-अ‍ॅनॉन, बिल विल्सनच्याच पत्नीने, लोइस यांनी, १९५१ मध्ये ती उभी केली. मुलांसाठी अलाटीन आहे, पण तुमची मुलगी त्यासाठी लहान आहे.

मी बायकोच्या बाटल्या मोजायचो. खुणा करून ठेवायचो लेबलवर पेन्सिलीने. त्या मिटिंगमध्ये गेल्यावर कळलं की तिथल्या जवळजवळ प्रत्येकाने हे केलंय. तिचं पिणं माझ्यामुळे सुरू झालं नाही, मला ते काबूत ठेवता येणार नाही आणि मी ते बरं करू शकत नाही, हे उमगायला मला सात महिने लागले. पेन्सिल टाकून दिली त्या दिवशी घरातलं वातावरण बदललं.

आणि मुलीशी बोला. तिने बाटली दिली म्हणजे तिला माहीत होतं. फार काही सांगायची गरज नाही, मला बरं नव्हतं, मी औषध घेतेय, यात तुझा काही दोष नाही, एवढं पुरे.

कोरापान
तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद किती वेळा वाचले सांगता येणार नाही. उशीर झाला, आज एकतिसावा दिवस आहे.

मुलीशी बोलले. ती म्हणाली, "मला माहितीये, तू रात्री वेगळी बोलायचीस." मग म्हणाली मला भूक लागलीय. एवढंच. नवरा अजून कुठे जायला तयार नाही, त्याला वाटतं की मी सोडली म्हणजे संपलं. असो, त्याच्यासाठी थांबणार नाही.

पाच मिटिंगा करून पाहिल्या. ऑनलाइन बायकांची केली तर पहिल्या दोन वेळा कॅमेरा बंद, नाव पण नुसतं एक अक्षर, कुणी काही विचारलं नाही, तिसऱ्यांदा स्वतःहून चालू केला. तिथे एक बाई म्हणाली की ती बाटली वॉशिंग मशीनच्या मागे ठेवायची आणि मी एकदम मोठ्याने "स्वेटरच्या मागे" म्हणाले, माइक चालू आहे हे विसरून. सगळ्या हसल्या, मी पण. सहा वर्षांत त्या बाटलीवरून हसू येईल असं वाटलं नव्हतं. स्मार्टची पण केली, सरळरेघ, तुमचा चार खान्यांचा कागद मीही भरला, तुमच्यासारखाच पहिला खाना जड गेला. एका स्टेप मिटिंगला गेले, तिथे एकेक ओळ वाचून बोलतात, देव आला की मी "बघू" म्हणून पुढे जाते, चालतं त्यांना. एका ठिकाणी कोपऱ्यातल्या दोघांनी न आलेल्या एका माणसाबद्दल कुजबुज चालवली होती, तिथे परत जाणार नाही. जिथे दुसऱ्याचं बाहेर जातं तिथे माझंही जाणार.

आणि पहिल्या ठिकाणी पुन्हा गेले. जुनंखोडकाका, तुम्ही म्हणालात म्हणून. दारातले गृहस्थ नव्हते त्या दिवशी. पंचवीस मिनिटंवाले होते आणि पंचवीस मिनिटंच बोलले. पण ग्लासवाले आजोबा होते, त्यांना विचारलं मी, की तुम्ही अर्धाच का भरलात. ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशी भरलेला ग्लास शर्टावर ओतून घेतला होता आणि त्या लाजेने चार महिने परत गेलो नव्हतो." बाकी ते मिटिंगमध्ये कधी बोलत नाहीत म्हणे.

ती मिटिंग माझी नाही तरी. वेळ जमत नाही आणि मला तिथे बोलता येत नाही. बायकांची ऑनलाइन आठवड्यातून दोनदा आणि स्टेपवाली प्रत्यक्ष एकदा, असं ठरवलंय सध्या.

निरभ्र
स्वेटरच्या मागे! वाचून डोळ्यात पाणी आलं गं. स्पॉन्सर शोधलीस का? नसशील तर दोघी-तिघींचे फोन नंबर तरी घेऊन ठेव. मिटिंग एका तासाची असते आणि दिवस चोवीस तासांचा.

कोरापान
चौतिसावा दिवस होता. प्यायले. नवऱ्याशी भांडण झालं, पण ते कारण नाही, भांडण रोज होतं. आता रात्रीचे पावणेएक वाजलेत. ग्रुपमध्ये तोंड कसं दाखवू कळत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

परतलेला
जागा आहे. किती प्यालात, घरात अजून आहे का, आणि मुलगी कुठे आहे? उरलेली असेल तर आत्ता ओतून द्या, नवऱ्याला उठवून त्याच्या हातून ओतवलीत तरी चालेल. मग त्या बायकांपैकी एकीला फोन लावा. झोपली असेल तर झोपेतून उठेल, तिला याच वेळेसाठी नंबर दिलेला असतो. इथे लिहिलंत ते चांगलं केलंत पण मी तुमचा आवाज ऐकू शकत नाही, तिला ऐकू येईल.

औषधपाणी
गोळ्यांवर असताना प्यायलात म्हणून विचारते, डायसल्फिरम, म्हणजे दारू घेतली की शरीरावर उलटणारी गोळी, चालू आहे का? असेल आणि छातीत दुखत असेल, चेहरा लाल होऊन धडधड, उलट्या, श्वासाला त्रास असं काही असेल तर वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. दुसरी कुठली गोळी असेल तरी सकाळी डॉक्टरांना फोन करून खरं सांगा, लपवू नका. त्या ओरडणार नाहीत.

कोरापान
ती गोळी नाही, दुसरी आहे. दोन पेग होते, बाकीची ओतली. मुलगी झोपलीय. वॉशिंग मशीनवाल्या बाईला फोन लावतेय.

जुनंखोड
आम्ही आहोत इथे. चौतीस दिवस कुठे गेले नाहीत, ते तुमच्या शरीराने आणि मुलीने अनुभवलेत. उद्या मिटिंगला जा, धुतलेलं तोंड घेऊन नाही, आहे तेच घेऊन.

कोरापान
तीन दिवसांनी लिहितेय. त्या रात्री ती पहिल्या रिंगला उठली. पन्नास मिनिटं बोललो आम्ही, त्यातला बराचसा वेळ मी नुसती रडत होते आणि ती मधूनमधून "हं, आहे मी" म्हणत होती. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी स्टेप मिटिंगला प्रत्यक्ष गेले. दार ढकलताना वाटलं की इथूनच मागे फिरावं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, काल प्यायले, आज पहिला दिवस. मला वाटलं होतं खोली शांत होईल, तो पहिल्या वेळचा एक सेकंद पुन्हा येईल. आला नाही. शेजारची बाई वहीत काहीतरी लिहीत होती ती लिहीतच राहिली, एकाने पंखा कमी केला, आणि चेअर करणारे म्हणाले, बरं झालं आलीस, पुढे कोण बोलतंय. मग लक्षात आलं की मी हा प्रश्न विचारला होता ना, आपला ग्रुप कशावरून कळतो. माझ्यापुरतं उत्तर मिळालं, जिथे मी प्यायले असं म्हणता येतं आणि पंखा कमी करण्याइतकंच ते साधं राहतं.

नवऱ्याने काल स्वतःहून विचारलं, ते घरच्यांच्या मिटिंगचं काय म्हणत होतीस. दुसरीबाजू, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

पायवाट
मी पहिल्यांदाच लिहितेय. सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा आज दुसरा दिवस आहे, काल डॉक्टरकडे जाऊन आले. मलाही बायकांची ऑनलाइन हवीय पण मला तिथे बोलायचं नाहीये. नुसतं बसलं तर चालतं का? आणि मधूनच उठून जावंसं वाटलं तर?

कोरापान
चालतं. मी दोन वेळा नुसती बसले होते. उठावंसं वाटलं तर उठा, मी पहिल्या मिटिंगमधून फोनचं नाटक करून पळाले होते, तुम्हाला नाटकाचीही गरज नाही. आज दुसराच दिवस आहे तर रात्री घरात कुणीतरी सोबत असू द्या, औषधपाणीताईंनी वर लिहिलंय ते नीट वाचा. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आहे, लिंक व्यनि केलीय. मी पाच मिनिटं आधीच आत असेन, कॅमेरा चालू ठेवून. तुमचा बंद असू दे.